सूनबाई मला निबर म्हणाली

भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, भर सकाळी, माझ्या मित्राच्या सुनेनं मला तोंडावर निबर म्हटलं. "काका, किती निबर आहात हो तुम्ही!" असं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, म्हणून मी आधी ऐकून घेतलं. नाहीतर ज्याला मी उलट बोललो नाही असं आमच्या गल्लीत कोणी सापडणार नाही, बैलांसकट.

शिव्यांचं मला काही वाटत नाही. काशीत ज्याला कोणी शिवी देत नाही त्याला कोणी ओळखत नाही असं समजावं. पण निबर ही शिवी नव्हे. निबर हा माझ्या धंद्यातला शब्द आहे, आणि धंद्यातला शब्द अंगावर आला की लागतो.

मी आयुष्यभर खानावळ चालवली. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू, रेल्वेत आणि बँकेत नोकरीला आलेली एकटी माणसं, सगळी माझ्याकडे जेवली. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण भाजी कशी घ्यावी हे मला कोणी शिकवायला येऊ नये. भेंडीचा शेंडा मोडून बघायचा. कट्‌कन मोडला तर कोवळी. वाकून लोंबत राहिला तर निबर. गवार असो, तोंडली असो, वेलावर राहायला नको होती तितकी राहिली की ती निबर होते. रामनगरची ती मोठाली वांगी येतात ना, भरताची, ती तर फार फसवी. निबर झालेलं वांगं बाहेरून तसंच चकाकतं. नख लावलं तरच कळतं. आत नुसत्या बिया. मग तेल ओता, मसाला ओता, मीठ काही आत जात नाही. माझी आई सरळ सांगायची, "मीठ ज्याच्यात शिरत नाही ते निबर." आणि भाजी बोलून झाली की माझ्याकडे बघायची.

तर ज्याच्या घरी हे झालं तो माझा लहानपणापासूनचा मित्र. सगळे त्याला गुरुजी म्हणतात. मी भटा म्हणतो आणि तो मला आचाऱ्या म्हणतो. यात्रेकरूंची तीर्थश्राद्धं, पिंडदान हे त्याचं काम. आवाज असा, की पायरीवर बसून यानं संकल्प सांगायला सुरुवात केली की पाण्यातल्या होडीतली माणसंही हात जोडायची. आम्ही दोघं रोज सकाळी घाटावर भेटायचो. आधी ज्याची नजर पडेल तो ओरडायचा, "अरे, अजून आहेस?" दुसऱ्यानं म्हणायचं, "तुला पोचवल्याशिवाय जातो कुठं?" मग चहा.

नवीन माणसाला हे ऐकून कसंतरी होतं, मला माहीत आहे. पण मणिकर्णिकेचं स्मशान आमच्या कोपऱ्यावर आहे. गल्लीतून दिवसभर "राम नाम सत्य है" चाललेलं असतं. आम्ही भिंतीला लागून वाट देतो, हात जोडतो आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करतो. इथं माणसं मरायला म्हणून खोली घेऊन राहतात, आणि मरण नाही आलं तर हिरमुसून गावी परत जातात. अशा गावात मरणाची थट्टा नाही करायची तर कशाची करायची? मी त्याला म्हणायचो, "तुला बाभळीच्या स्वस्त लाकडांवर निजवणार." तो म्हणायचा, "तुला तर लाकूडच नको, आचाऱ्या. एवढं तेल मुरलंय अंगात, काडी लावली की झालं." हे असं आम्ही आमच्या बायकांसमोर, पोरांसमोर बोललो आहोत. त्याची बायको गेली त्या वर्षी तेवढं बंद होतं. मग एके दिवशी त्यानंच सुरू केलं.

या थंडीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणला. मुलगा लखनौला बँकेत, शनिवार-रविवार येतो. सगळं सुनेवर. ती नाशिकची. घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि मध्ये उठून सासऱ्याला औषध देते, पेज भरवते, कूस बदलते. लग्न होऊन आली त्याला फार काळ झालेला नाही. आवाज इतका हळू, की गल्लीतल्या भाजीवाल्याला ती काय मागते ते कळत नाही.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा खोलीत उदबत्ती लावलेली, मोबाईलवर बासरी चाललेली. आपली दोन-चार मंडळी बसली होती. "सगळं ठीक होईल हं, गुरुजी," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगून ती मंडळी उठून गेली. हा छताकडे बघत पडलेला, जसा काही छताला मंत्र पाठ करून दाखवायचाय. मला ते बघवेना. दारातूनच म्हटलं, "काय रे भटा, निजून काय राहिलास? लाकूडवाल्याला सांगून आलोय मी. आंब्याचं ठेव म्हटलं, चंदन काही याच्या ऐपतीतलं नाही!"

त्याच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला. पण माझ्या मागं सूनबाई पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिला तो दिसला नाही. तिला ऐकू आलं तेवढं लाकूड.

तेव्हा ती म्हणाली ते वर लिहिलंच आहे. पुढं म्हणाली, "माणूस समोर असा पडलाय आणि तुम्हाला असं बोलवतं कसं?"

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "निबर म्हणतेस तर ऐक. बियाणं धरतात ते निबर भेंडीचंच धरतात, सूनबाई."

"आमच्याकडे शेती नाही, काका," ती म्हणाली. आणि जिन्याकडे हात केला. "बाबा बरे होईपर्यंत येऊ नका, प्लीज."

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आमच्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की बातमीला वळायला जागाच नाही, ती सरळ घरात शिरते. बायको तांदूळ निवडत होती. नात कॉलेजला निघाली होती, ती दारात थांबली.

"आजोबा, निबर मतलब?"

आमच्या घरी हे असंच. मराठी चुलीपाशी, हिंदी उंबऱ्यापासून. आणि नात उंबऱ्यावरच उभी असते कायम.

"बेशरम?" तिनं विचारलं.

"नाही. बेशरम वेगळा."

"ढीठ?"

"ढीठ म्हणजे हट्टी. ते मी आहे, त्याचं मला काही नाही."

तिनं मोबाईल काढला, बोटं फिरवली आणि वाचलं, "कठोर. संवेदनाशून्य."

"मोबाईलनं कधी भेंडी चिरली आहे का?" मी म्हटलं. मग तिला बसवून सांगितलं. कोडगा वेगळा. कोडग्याला इतकं बोललेलं असतं, की त्याची सवय झालेली असते, मास्तरांच्या छड्या खाऊन हात घट्ट होतो तसं. निगरगट्टाला सगळं कळतं, पण तो म्हणतो, जा, करा काय करायचं ते. तो घाटावरच्या बैलासारखा, रस्ता अडवून तुमच्याकडे बघतो. बथ्थडाकडे तर काही पोचतच नाही, त्याला बोलून आपलंच तोंड दुखतं. आणि निबर म्हणजे जो एकदा कोवळा होता. भेंडी निबर जन्माला येत नाही, पोरी. ऊन लागून लागून होते.

"म्हणजे तुम्ही कोवळे होता?" नातीनं विचारलं आणि आजीकडे बघून दोघी हसत सुटल्या.

"मी सांगते तुला निबर म्हणजे काय," बायको म्हणाली. "आमच्या लग्नात, भर पंगतीत, हे माझ्या वडिलांना म्हणाले, जिलबी नरम पडलीय तुमची."

"पडली होती."

"बघ. हे निबर."

नात हसून झाल्यावर म्हणाली, "लेकिन आजोबा, गुरुजींना वाईट वाटलं का?"

"तो हसला. अर्धा."

"मग वाईट कोणाला वाटलं?"

"सुनेला."

"तो फिर?" असं म्हणून ती कॉलेजला गेली. ही आजकालची पोरं प्रश्न टाकतात आणि स्कूटीवर बसतात.

मी दिवसभर त्याचाच विचार केला, ते कबूल करायला माझं काही जात नाही. पोरगी रात्र-रात्र जागलेली. मीठ मी भटावर टाकलं, पण जखम तिची उघडी होती आणि उडालं ते तिच्यावर. तरी माफी मागायला जाणार नाही हे मी बायकोला सांगून टाकलं. तिनं विचारलंही नव्हतं.

आठवडा असाच गेला. मी घाटावर एकटाच चहा प्यायचो. एकट्यानं चहा प्याला की तो नुसता गरम असतो, बाकी काही नसतो. पानवाल्याकडून कळायचं ते असं, की व्यायाम करवून घ्यायला एक मुलगा येतो, तो सांगतो, डावा हात वापरा, तोंडानं आवाज काढा, नाहीतर सगळं आखडून जाईल. आणि गुरुजी काही म्हणजे काही करत नाहीत. पेजही दोन चमचे. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

"तुम्ही चला," शेवटी बायको म्हणाली. "माझ्यासमोर दोन गोड शब्द बोला. तिलाही बरं वाटेल, त्यांनाही. मी हमी देते तिला."

मी नाही म्हटलं. मग गेलो. बायकोनं धुतलेलं धोतर नेसायला लावलं आणि वाटेत दोनदा बजावलं, लाकडाचं नाव काढायचं नाही. दारात ती सुनेला म्हणाली, "आज ते नीट बोलणार आहेत, मी आहे." सूनबाईनं आत घेतलं. खुर्चीसुद्धा दिली.

मी खुर्चीत बसलो. घसा साफ केला. आणि म्हणालो, "नमस्कार. कसं वाटतंय आपल्याला? काळजी करू नये. देव सगळं बरं करील. आपण फार पुण्य केलेलं आहे."

भटानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बायकोकडे. मग सुनेकडे. डोळे मोठे झाले आणि भरून आले. मग डावा हात कष्टानं उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. सूनबाईसुद्धा म्हणाली, "काका, थँक्यू." मी मनात म्हटलं, चला, गोड बोलणं एवढं सोपं असेल तर आयुष्यभर उगाच कष्ट घेतले.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा सुनेचा बायकोला फोन आला. रडत होती. बाबा तोंडच उघडत नाहीत म्हणाली. देवघराकडे सारखं बोट दाखवतात. तिनं एकेक वस्तू उचलून विचारली, तेव्हा गंगाजळाच्या तांब्याला मान हलवली. तो उशाशी आणून ठेवायला लावला. मग तुळशीकडे बोट. "तहान लागली असेल का हो, काकू?"

रात्र-रात्र जागलेल्या पोरीला कसं सुचावं? काशीतल्या पोराला विचारा, गंगाजळ आणि तुळस उशाशी कशाला मागतात. बायकोनं फोन बाजूला धरला. "अहो," ती मला म्हणाली, "ते निरवानिरव करतायत."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या जन्मात मी भटाला आपण म्हटलं नव्हतं. त्याच्या मुंजीत नाही, त्याच्या लग्नात नाही, त्याची बायको गेली तेव्हाही नाही. तोच मी धुतलेलं धोतर नेसून, बायकोला घेऊन, खुर्चीत बसून म्हणतो, आपण फार पुण्य केलेलं आहे! त्यानं हिशेब केला असणार. डॉक्टरनं आचाऱ्याला काहीतरी सांगितलंय. हा इतकं गोड बोलतोय म्हणजे आता संपलं. डोक्यावर हात ठेवला तो आशीर्वाद होता, जातो म्हणून.

माझं चुकलं असेल तर एवढंच, की बायकोचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याच्या गल्लीत गेलो. घरात यायची बंदी उठली होती, पण आत जाऊन हळू बोलायचं हे काम नव्हतं. त्याची खाट पहिल्या मजल्यावर खिडकीला लागून आहे. खाली उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो.

"ए भटा! गंगाजळ मागतोस? तुला काय वाटलं, डॉक्टरनं मला काही सांगितलंय? तो मला ओळखतसुद्धा नाही! गोड बोललो ते बायकोनं बोलायला लावलं म्हणून!"

वर काही हालचाल नाही. पानवाला दुकान उघडत होता, तो म्हणाला, "का गुरु, सबेरे-सबेरे?" दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला. समोरच्या ओट्यावर दात घासणारा एकजण ब्रश तोंडात ठेवून थांबला.

"जन्मात एक काम वेळेवर केलं नाहीस! यजमानांना श्राद्धाला दुपार-दुपारपर्यंत उपाशी बसवलंस! आणि मरायलाच बरी घाई तुला? ऊठ! लाकडं ओली आहेत सगळी! जळायचा नाहीस, नुसता धूर करशील आणि घाटावरची माणसं मला शिव्या देतील!"

गल्ली हसायला लागली. मराठी त्यांना कुठं सगळी कळते, पण सूर कळतो. खिडकीत सूनबाई आली. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. "काका, बंद करा हो! काका, पाया पडते!" आणि एकदम मागं वळली. आतून तिची किंकाळी आली, "बाबा! बाबा!"

खरं सांगतो, मी भिंतीला हात लावला. आतून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. आपण मित्राला शिव्या देऊन मारला.

तेवढ्यात गजांतून पाण्याचा लोट आला तो सरळ माझ्या टाळक्यावर. जानेवारीचं पाणी. डोळ्यांत, कानांत, बंडीच्या आत. पाठोपाठ तांब्या गजांवर आपटून घणघणला आणि आतच पडला, नाहीतर माझी कवटी गेली असती. वर बघितलं तर गजाला धरलेला डावा हात. त्या हाताच्या मागं भटाचं तोंड. अर्धं वाकडं, अर्धं रागानं लाल. अंगावर आलं ते उशाशी ठेवलेलं गंगाजळ होतं, शेवटच्या क्षणासाठी राखलेलं. सगळं माझ्यावर संपवलं त्यानं.

"हर हर महादेव!" पानवाला ओरडला आणि गल्लीनं उचलून धरलं.

सूनबाई त्याच्या खांद्याला धरून खिडकीत उभी. रडत होती आणि हसत होती, आणि नाशिकहून आल्यापासून पहिल्यांदा गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "काका! निबर कुठले! वर या लवकर!"

मी वर गेलो. पायऱ्या ओल्या करत गेलो. हा उशीला टेकून बसला होता, धापा टाकत. मला बघितल्यावर घशातून काहीतरी काढलं. त्याला ना धड सुरुवात होती ना शेवट, पण मधल्या भागात माझ्या बापाचा उद्धार होता. मी तो शब्द इथं लिहीत नाही, नात वाचेल.

"पेज आण," मी सुनेला म्हटलं. "आणि मीठ घाल जरा. बेचव खाऊनच कंटाळला असेल तो."

डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय म्हणाली. मग लिंबू पिळलं. वाटी संपेपर्यंत तो माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता, आणि मी मुद्दाम काही गोड बोललो नाही. सूनबाईनं माझ्या हातात टॉवेल दिला.

"काका, तुम्हाला कसं कळलं पण, की असं केल्यावर ते उठतील?"

"मला काही कळलं नव्हतं. पण तू बाबांना ओळखतेस, सूनबाई. मी भटाला ओळखतो."

ती वाटी विसळत म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला तसं म्हणायला नको होतं."

"म्हणायला हवं होतं," मी म्हटलं. "शब्द बरोबर होता. वापरलाही बरोबर. फक्त डोळे पुसून मग वापरत जा, जास्त लागतो."

तेव्हापासून मी रोज जातो. आणि पोरगी भलतीच शिकली. चमचा तोंडापाशी नेऊन हळूच म्हणते, "गिळा आता, बाबा, नाहीतर काकांना सांगते गोड बोलायला." तो घाईनं तोंड उघडतो. मलाही ती आता जपून बोलत नाही. परवा म्हणाली, काका, तुमचं फाटकं धोतर बघून कावळा शिवायला येईल. कावळ्याची थट्टा, आणि तीसुद्धा पिंडदान करणाऱ्याच्या घरात! मी ऐकून घेतलं.

भटाचे शब्द परत येतायत. पाच-सहा आलेत, त्यांतला एकही घाटावर संकल्पात म्हणता येण्यासारखा नाही. काल व्यायामवाला मुलगा आला होता. तो इथलाच, मराठीचा त्याला गंध नाही. मी खुर्चीत बसलेला बघून भटानं ते सगळे शब्द एका दमात म्हटले. उच्चार बरेच साफ. मुलगा खूश झाला. "भाभीजी, ये क्या बोल रहे हैं?" त्यानं विचारलं.

मी जमिनीकडे बघितलं. सूनबाईनं पदर नीट केला आणि त्याच हळू, मऊ आवाजात म्हणाली, "स्तोत्र है।"

मुलानं हात जोडले. "बहुत अच्छा," तो म्हणाला. "रोज दो बार बुलवाइए।"

ती रोज दोनदा म्हणवून घेते. दोन्ही वेळेला मला बोलावणं येतं, कारण माझं तोंड बघितल्याशिवाय त्याला ते स्तोत्र आठवत नाही.